आधी आत, शेवटी बाहेर

श्रावण लागला की आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, बायका एकमेकींचे खांदे बघायला लागतात. एरवी साडी बघतात, कानातलं बघतात, कुणाची सून किती सुटली ते बघतात. श्रावणात मात्र भाजीच्या ठेल्यापाशी मी उभी असते आणि मागून कुणाचा तरी हात खांद्यावर पडतो, दोनदा दाबून बघतो. "अजून मजबूत आहे वं सुनंदा. काहून येत नाही तू?" "घरी पेशंट आहे," मी म्हणते. लगेच हात उचलला जातो. पेशंट म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. मग मी वांगी घेते आणि घरी येते.

दहीहंडी म्हटलं की लोकांना मुंबई आठवते. आठवू दे बापडी. आमच्या नागपूरच्या हुडकेश्वरलाही बायकांचं गोविंदा पथक आहे, आणि ते काळ्या मातीच्या मैदानावर सराव करतं. या मैदानात पावसाळ्यात पाय वर येतो आणि चप्पल खालीच राहते. रोज संध्याकाळी सहाला छाया मॅडमची शिट्टी वाजते. छाया मॅडम शाळेत पीटी शिकवतात, पथकही त्यांनीच उभं केलं. आमची मागची खिडकी नेमकी त्या मैदानावर उघडते. शिट्टी वाजली की पलंगावरून मामाजी म्हणतात, "आल्या तुह्या बाया." मामाजी म्हणजे माझे सासरे. सहा वर्षं झाली ते या पलंगावर आहेत आणि सहा वर्षं झाली मी पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आहे. मधे एकदा खुर्ची मोडली, तेव्हा नवी आणली.

आणि शिट्टीच्या वेळी कुणी पाहुणा बसलेला असला की मामाजी ती गोष्ट काढतात. अर्धांगवायूनं त्यांची जीभ जड झाली आहे. नवख्या माणसाला त्यांचं बोलणं समजत नाही, मला समजतं. त्यामुळं ते एक वाक्य बोलतात, पाहुणा माझ्याकडं बघतो आणि मी तेच वाक्य पुन्हा सांगते. "मी पडलो न, तवा माही सून मैदानावर होती." मी सांगते, ते पडले तेव्हा मी मैदानावर होते. "तिच्या खांद्यावर मनोरा उभा होता." मी सांगते, माझ्या खांद्यावर मनोरा उभा होता. "पोरगा बोलवायले गेला. सारे थर उतरेपर्यंत थे हालली नाही. हालली असती तं बायांच्या माना मोडल्या असत्या." तेही मी सांगते. माझं कौतुक, माझ्याच तोंडानं, हातात पाहुण्याच्या चहाचा ट्रे धरून. पाहुणे वा वा करतात. एका बाईनं तर वाकून माझ्या पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण ती गोष्ट पुरी नाही. मामाजी खोटं बोलत नाहीत, त्यांना जे सांगितलं गेलं तेच ते सांगतात. खोटं माझं आहे. मला ते माहीत आहे आणि पथकातल्या बेबीला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला नाही. दर श्रावणात वाटतं, यंदा मामाजींना सांगून टाकू. दर श्रावणात जीभ रेटत नाही. बाहेर हंडी फुटते, गणपती बसतात, आणि माझं सांगायचं राहून जातं.

मी पथकात गेले ती काही देवाच्या ओढीनं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी गेले कारण घराबाहेर बोलावणारं छाया मॅडम हे पहिलंच माणूस होतं. मामाजींना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली, पण धरलं तर काठी टेकत बाथरूमपर्यंत चालायचे. सासूबाई आधीच गेलेल्या. माझा मुलगा नोकरीला पुण्याला. आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात त्यांच्याकडं, सकाळी नऊला जायचे. घरात दिवसभर मी आणि मामाजी. आणि मामाजींची हाक. "सुनंदा, पंखा कमी कर." "सुनंदा, फाटकात कोण आहे?" "सुनंदा, काही नाही, तू आहेस न पाहत होतो." माझं नाव मला नकोसं झालं. बाथरूममध्ये शिरून मी नळ मोठा सोडायची आणि बादली भरून वाहायला लागली तरी तशीच बसून राहायची, कारण पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. पाणी वाया जातं म्हणून वाईट वाटायचं, पण नळ काही मी बंद करायची नाही.

छाया मॅडम पथकासाठी बायका शोधत आमच्या गल्लीत आल्या तेव्हा मी भरलेलं सिलिंडर उचलून आत नेत होते. त्या फाटकातच थांबल्या. सिलिंडर खाली ठेवू दिलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही पायाले याल का?" पाया म्हणजे खालचा थर, ज्यांच्या खांद्यावर बाकीच्या चढतात त्या बायका. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान खाजवली. "पण घरचं कोण पाहीन?" तेवढ्यात आतून पलंगावरून आवाज आला, "जाऊ दे न बे तिले. एका घंट्यात मी काही मरत नाही."

तर तो तास मामाजींनी दिलेला होता. सहा ते सात. त्या वेळात ह्यांनी दुकानातून येऊन वडिलांजवळ बसायचं असं ठरलं. मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या पोळ्यांना दुप्पट कणीक भिजवली.

खांद्यांचं सांगायचं तर मामाजींनी ते फार आधी हेरले होते. ते एसटीत ड्रायव्हर होते, काटोल-नरखेडच्या फेऱ्या करायचे. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग. तोडणीच्या दिवसांत आम्ही बहिणी बागेतून फाट्यापर्यंत संत्र्यांची खोकी आणायचो. डोक्यावर नाही, मला डोक्यावर जमायचं नाही, मी खांद्यावर घ्यायची. मामाजींनी स्टिअरिंगवरून ते बघितलं आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला खाली उतरून माझ्या वडिलांना गाठलं. लोक मुलीचा रंग बघायला येतात, नाक बघायला येतात. मला ज्यानं पसंत केलं त्यानं खांदे बघून केलं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. "पोरगी पिचणारी नाही," हे ते लग्नात सगळ्यांना सांगत होते. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आता त्या वाक्याचा राग येतो, आणि राग आला की पुन्हा वाईट वाटतं, कारण माझ्याबद्दल चांगलं बोललेलं ते एकच वाक्य मला पाठ आहे.

आता पाया कसा लागतो ते सांगते. मधोमध आम्ही आठ जणी गोल उभ्या, तोंडं आत, हात एकमेकींच्या खांद्यांवर. आमच्या पाठीला छाती लावून दुसरा घेरा, त्यांच्या पाठीला तिसरा, चौथा. पन्नास-साठ बायका अशा दाटीनं उभ्या की मधे पोळीचं लाटणं शिरणार नाही. मग आम्हा आठ जणींच्या खांद्यांवर चार बायका चढतात, प्रत्येकीचा एक पाय एकीवर, दुसरा दुसरीवर. त्या चौघींवर दोन. दोघींवर एक, डोक्यावर हेल्मेट घातलेली कॉलेजातली पोरगी. झाले चार थर. मधल्या आठ जणींना छाया मॅडमचा नियम असा की त्यांनी आधी आत जायचं आणि शेवटी बाहेर यायचं. वरच्या सगळ्या उतरेपर्यंत, बाहेरचे घेरे एकेक करून सुटेपर्यंत, मधली हलत नाही. कितीही काही झालं तरी हलत नाही. नाकावर माशी बसली तरी ती तिथंच बसू द्यायची.

पहिल्या दिवशी माझा जीव घाबरा झाला. चारी बाजूंनी माणसं, मान खाली, हनुवटी छातीला लावलेली, वर बघायची बंदी, कारण वर बघितलं की मानेवर भार येतो. डोळ्यांसमोर फक्त चिखलाचा एक तुकडा आणि त्यात आमचे सोळा पाय. हवा म्हणून जी नाकात जात होती ती कुणीतरी नुकतीच सोडलेली. खोबरेल तेल, घाम, ओला सुती कपडा, कुणाच्या तरी तोंडाला खर्ऱ्याच्या तंबाखूचा वास. उकाडा असा की कूलर काढून ठेवलेल्या दिवसांत फक्त नागपुरात असतो. मी ओरडले, "मले बाहेर काढा! मले बाहेर जायचं आहे!" समोर बेबी होती. बेबीचं चौकात पिको-फॉलचं दुकान आहे. तिचं कपाळ माझ्या कपाळापासून वीतभर. ती हळूच म्हणाली, "बाहेर कुठी जातं वं? घरी?"

मला हसू आलं. त्या तसल्या चेंगराचेंगरीत मी हसत सुटले, बेबी हसायला लागली, बाहेरून छाया मॅडम ओरडल्या, "पायात कोण हसून राहिलं? मनोरा हलून राहिला!" त्या दिवसानंतर मला कधी गुदमरलं नाही.

पायातल्या बाईला मनोरा दिसत नाही. तिला पाय दिसतात आणि एक पाय जाणवतो. चढणाऱ्या बायका आधी घमेल्यात पाय धुवायच्या, पोत्यावर पुसायच्या, मग चढायच्या, कारण आमची माती तळव्याला लागली की माणूस घसरलाच. माझ्या उजव्या खांद्यावर जो पाय यायचा तो गार, ओलसर, टाचेला भेगा असलेला. त्या पायाच्या बाईला मी चेहऱ्यानं ओळखत नव्हते. एकदा बाजारात एक बाई माझ्याशी भरभरून बोलली, मी नुसतीच हो हो करत राहिले, आणि मग नजर तिच्या चपलेकडं गेली. "अवं बाप्पा, तू होय!" मी म्हणाले. ती बरीच नाराज झाली.

आपण घरी अडकलेले असताना बाहेर जाऊन आणखी घट्ट अडकून घ्यायचं आणि त्यासाठी दिवसभर घड्याळाकडं बघायचं, यात काय शहाणपण आहे, असं मला तेव्हाही वाटायचं. पण खरं सांगते, त्या तासाइतकी मोकळी मी तेव्हा दुसरीकडं कुठंच नव्हते. घरी मी अडकले होते ती सगळ्यांना सतत काहीतरी देण्यासाठी. इथं अडकल्यावर माझ्याकडून एकच हवं होतं, हलू नकोस. बास. पाणी आण नाही, उशी सारख नाही. कुणी हाक मारली तरी मी जाऊ शकत नव्हते, आणि त्यात माझा दोष नव्हता. छाया मॅडम तीसपर्यंत आकडे मोजायच्या, तेवढा वेळ मनोरा धरून ठेवायचा. बाकीच्या बायका तीस व्हायची वाट बघायच्या. मला वाटायचं, यांनी पन्नासपर्यंत मोजावं.

आणि त्यातली गंमत बघा. छाया मॅडमनी शिकवलं, भार कमरेनं घ्यायचा नाही, गुडघ्यांनी घ्यायचा, छातीला छाती लावायची, काखेतून हात घालून कुलूप लावायचं. तेच मी घरी मामाजींना उठवताना करायला लागले. आधी दोघं मिळून उठवायचो. आता मी एकटी, एका दमात. ह्यांनी बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला. हे जळालेल्या मोटारीत कोपरापर्यंत हात घालतील, पण वडिलांच्या अंगाला हात लावायला घाबरतात, आपल्या हातून त्यांना काही होईल म्हणून. वाईट माणूस नाही, भित्रा आहे. "तुलेच जमतं बाबा हे," म्हणाले, आणि त्या दिवसापासून मामाजींना उठवणं-बसवणं सगळं माझ्याकडं आलं. ज्या कामातून तासभर सुटायला गेले, ते काम आणखी चांगलं शिकून घरी आले.

घरोघरी कान्होबा, म्हणजे जन्माष्टमीचा कृष्ण, बसायला चार दिवस उरले होते. आभाळ दाटलेलं, पाऊस पडत नव्हता, अंगाला अंग चिकटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा चारही थर लावून तीस आकडे धरायचे होते. आम्ही आठ जणी आत गेलो, घेरे लागले, शिट्टी झाली. खांद्यावर तो गार पाय आला. मग त्या पायात वरचं वजन उतरत गेलं, एक थर, आणखी एक थर, माझे गुडघे किंचित वाकले आणि थांबले. छाया मॅडम मोजायला लागल्या. आठ-नऊ झाले असतील, तेवढ्यात मैदानाच्या कडेकडून ह्यांचा आवाज आला.

"सुनंदा! अवं सुनंदा! बाबा पडले!"

खांद्यावरच्या पायाची बोटं आवळली. छाया मॅडम कडाडल्या, "कोणी हालायचं नाही! पाया, मान खाली! भाऊ, तुम्ही तिथीच थांबा!" मी हलले नाही. दात चावून उभी राहिले. इथपर्यंत मामाजींची गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे.

मग उतरायची शिट्टी झाली. वरची पोरगी उतरली, दोघी उतरल्या, चौघी उतरल्या. तो पाय माझ्या खांद्यावरून गेला. बाहेरचे घेरे सुटले, पाठीला वारा लागला. आम्हा आठ जणींतल्या सहा जणी हात सोडून बाजूला झाल्या. चिखलात आता फक्त चार पाय होते, माझे आणि बेबीचे.

"सोड न सुनंदा," बेबी म्हणाली. "तुह्या घरून आले. सासरे पडले म्हणून राहिले."

"थांब," मी म्हणाले.

माझे हात तिच्या खांद्यांवर घट्ट होते, तिनंही तिचे काढले नाहीत. आमच्या अवतीभवती बायका हातपाय झटकत होत्या, बाटल्यांतलं पाणी पीत होत्या, ह्यांना त्या गर्दीतून आम्ही दिसत नव्हतो. मी मान खालीच ठेवली आणि मनात तीस मोजले. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली.

काय चाललं होतं डोक्यात, असं कुणी विचारलं तर लाज वाटते, पण सांगते. मी चिडले होते. बाबा पडले, तर तुम्ही इथं काय करताय? तुमचे हात मोडले का? शेजारी माणसं नाहीत का? माझा तास संपायला अजून पंचवीस मिनिटं होती, आणि ती पंचवीस मिनिटं गेली होती, हे मला कळलं होतं. नुसती आजची नाही. पडलेला म्हातारा माणूस म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. इथून एक पाऊल टाकलं की मी पुन्हा इथं येणार नाही. म्हणून मी पाऊल टाकलं नाही. दुसरं तीस पुरं होईपर्यंत तरी नाही.

छाया मॅडम धावत आल्या. "काय झालं? सुटा न!" बेबीच म्हणाली, "हात आखडले मॅडम हिचे. सुटूनच नाही राहिले." मॅडमनी माझे दंड चोळले, बोटं एकेक करून उघडली. बोटं अगदी सहज उघडत होती. त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही.

मैदान खिडकीमागंच, पण रस्ता वळशाचा. स्कूटरवर मागं बसल्यावर मी विचारलं, "बाबांजवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"उचलून ठेवलं न पलंगावर?"

"मी कसा उचलू? तुलेच जमतं न थे," हे म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. म्हणजे त्यांनी वडिलांना जमिनीवर तसंच टाकून मला आणायला स्कूटर काढली होती. आणि मी दोन वेळा तीस मोजले, तेव्हा मामाजी फरशीवर एकटे पडले होते. हे मला मैदानावर माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी धावले असते, असं मी गेली सहा वर्षं स्वतःला सांगते. पण धावले असतेच, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

हे टीव्ही बघत बसलेले असताना मामाजी त्यांना न सांगता एकटेच बाथरूमला निघाले होते. उंबऱ्यावर पडले. मी गेले तेव्हा गाल फरशीला टेकलेला, धोतर ओलं, डोळे उघडे. मला बघून म्हणाले, "आली का? बाया नीट उतरल्या न साऱ्या?"

"हाव," मी म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं, थोडं आधी उचललं असतं तर? ते म्हणाले, हाड पडताना मोडतं, नंतर नाही. मी पुन्हा विचारलं. ते वैतागले. रक्तदाब, वय, आधीचं अर्धांग, ऑपरेशन करता आलं नाही. मामाजी पलंगावर गेले ते कायमचे. ले-आउटमधल्या बायका दवाखान्यात आल्या तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "तू तरी का करशील वं? खांद्यावर मनोरा होता." आमचे हेही सगळ्यांना तेच सांगत होते. हात आखडल्याचं वाक्य दोन दिवसांत गळून पडलं, मनोरा राहिला. मी कुणाचंच बोलणं दुरुस्त केलं नाही.

हंडीच्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. पथकानं माझ्या जागी दुसरी बाई उभी केली. बेबीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. मी तोपर्यंत कधी चार थर बघितलेच नव्हते. किती उंच जातात बाया! वरची पोरगी हात उंच करते, लोक ओरडतात, आणि खाली, जिथं मी असायची तिथं, नुसती डोकी दिसतात, तीही मागून. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि मग मामाजींचं डायपर बदलायला आत गेले.

यंदाही सांगितलं नसतं कदाचित. पण परवा काटोलहून मामाजींचा पुतण्या आला, सोबत त्याची नवी सून. लग्नाला तीन महिने झालेले, मेंदी गेलेली, चेहरा अजून लग्नातलाच. सहाची शिट्टी झाली. मामाजींनी गोष्ट काढली, मी ती नेहमीसारखी वाक्या-वाक्यानं सांगितली. पुतण्या सुनेकडं वळला. "ऐकलं न? असं असावं लागते माणूस. जागा सोडायची नाही. शीक काही काकूपासून." पोरीनं मान हलवली. ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. नंतर ती कप धुवायला माझ्यासोबत ओट्यापाशी आली. पाणी सोडलं. हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाले कधी पळून जावं वाटलं नाही?"

"नाही वं," मी म्हणाले. सवयीनं म्हणाले. ती कप विसळायला लागली आणि नळ तिनं उगाचच मोठा सोडला.

ते लोक गेल्यावर मी वरणभात कालवला, मामाजींच्या पाठीला उशी दिली, खुर्ची ओढून बसले. हे दुकानातून यायचे होते. दोन-चार घास झाले. मी म्हणाले, "मामाजी, त्या दिवशी बाया उतरल्या होत्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही कळलं नव्हतं.

"हे बोलवायले आले तवा थर होते, हे खरं आहे. पण मग उतरले सारे. मी मोकळी झाली होती. तरी आली नाही. मुद्दाम उभी राहिली."

घास गिळायला त्यांना वेळ लागतो. गिळून झाल्यावर म्हणाले, "काहून?"

"मले यायचं नव्हतं."

"हात आखडले होते म्हणे."

"नव्हते आखडले."

त्यांनी नजर छताकडं नेली. मग विचारलं, "किती वेळ?"

"दोनदा तीस मोजले."

"मी खाली होतो," मामाजी म्हणाले. "फरशीवर."

"हाव."

"कोनी नव्हतं."

"हाव, मामाजी."

माफ करा म्हणायचं होतं, ते मी म्हटलंच नाही. वाटलं, यांनी ओरडावं, शिवी द्यावी, ताटली उडवून द्यावी. त्यांचा डावा हात तेवढा चालतो. तो हात त्यांनी चादरीवरून उचललाच नाही. त्यांनी हळूहळू मान भिंतीकडं वळवली. जितकी वळते तितकी वळवली आणि तशीच ठेवली. मी चमच्यात घास धरून बसून राहिले. घास गार झाला. तो मी ताटलीत परत टाकला, पुन्हा कालवला, पुन्हा चमच्यात घेतला.

किती वेळ गेला, मी मोजलं नाही. शेवटी मामाजींनी मान परत वळवली. माझ्याकडं बघितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं. त्यांना भूक लागली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना भरवलं.